झोपलेलीचं पुस्तक

बॉयलरकाकांनी आयुष्यात एकही जागा बदली माणूस आल्याशिवाय सोडली नाही. मी सत्तावीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्या. 'एकही' हा शब्द त्या काळात मी फार जपून वापरला आणि इथेही विचार करूनच वापरतो आहे. मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात ते चौतीस वर्षं बॉयलरवर होते. तिथला नियम असा, की पाळी संपली, भोंगा वाजला, तरी पुढच्या पाळीचा माणूस येऊन काचनळीतल्या पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही आणि 'चार्ज घेतला' असं म्हणून नोंदवहीत सही करत नाही, तोवर जागेवरून हलायचं नाही. निवृत्त होताना बहुतेक माणसं असले नियम गेटवर ठेवून येतात. काका तो घरी घेऊन आले. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. दोन दिवसांसाठी कडावला भावाकडे जायचं झालं, तरी आधी आमची बेल वाजायची. दारात उभे राहून ते एका दमात सांगायचे, "गॅस बंद. मोटर बंद. टाकी पाऊण. मोरीचा नळ ठिबकतो, खाली बादली लावलीय. घेतला?" मी "घेतला" म्हणेपर्यंत खाली रिक्षा उभी असायची. एकदा मी अंघोळीला गेलो होतो, तर त्यांची गाडी चुकली.

गोल तबकडी आणि तिच्यावर काटा दिसला, की काका तिला नखाने टिचकी मारत. भाजीवालीचा काटा, भिंतीवरचं घड्याळ, डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळ्यांना एकच टिचकी आणि एकच खुलासा: "काटा अडकतो कदी कदी." घरात कुकर चढला, की ते समोर मनगटी घड्याळ धरून उभे राहत. दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढलं तर रिंग तपासत, कमी झालं तर आच. त्या वेळेत पाहुण्यांशी बोलायचं नाही. पाहुणेही गप्प बसत, कारण चौतीस वर्षं बॉयलरच्या आवाजावर मात करून बोलल्यामुळे काकांचं साधं "चूप" तीन इमारतींना ऐकू जायचं. कुंभिवलीला त्यांचा एक जुना सहकारी वारला, तेव्हा भेटायला मी, काका आणि त्यांची बायको असे तिघं गेलो होतो. वारलेल्या माणसाच्या म्हाताऱ्या वडिलांशेजारची खुर्ची रिकामी दिसली म्हणून काका तिच्यावर बसले. माणसं आली, टेकली, गेली. काका अडीच तास तिथेच. मी दोनदा खूण केली. त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात, म्हणजे अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, "म्हाताऱ्याला एकट्याला टाकून कसा उटू? कोन आलाय का बदलीला?" शेवटी त्यांच्या बायकोने जाऊन खांद्याला हात लावला. "मी बसते. उठा तुम्ही." काका ताबडतोब उठले. त्यांना जागेवरून उठवायची युक्ती एवढीच होती, आणि ती एकाच माणसाला ठाऊक होती.

तो माणूस म्हणजे त्यांची बायको, बाई. त्यांनी कर्जतच्या बाजूला तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलं. सगळी वसाहत त्यांना बाई म्हणायची आणि नवराही बाईच म्हणायचा. फक्त तो 'तू' म्हणायचा. "बाई, डबा भरलास का गं?" हे वाक्य नव्या शेजाऱ्यांना सवय होईपर्यंत विचित्र वाटायचं. बाई पट्टीच्या वाचणाऱ्या. विहाराशेजारच्या खोलीत वाचनालय सुरू झालं, त्या वर्षापासूनच्या सभासद, क्रमांक एकशे चौदा. काकांनी मात्र नोंदवही आणि पेपरचं शेवटचं पान यापलीकडे काही वाचल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. मग साखरेने बाईंचे डोळे नेले. एकदम नाही, कडेकडेने. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, मग दारातला उजेड तेवढा उरला. त्याच सुमाराला मी निवृत्त झालो होतो आणि आठवड्यातून तीन दिवस, तीन ते सहा, त्या वाचनालयात बसायला लागलो होतो.

एके दिवशी काका चिठ्ठी घेऊन आले. अक्षर बाईंचं, पण ओळी एकमेकींवर चढलेल्या. एका पुस्तकाचं नाव होतं. मी ते शोधून काढलं. इंग्रजीवरून मराठीत आणलेली जाडजूड कादंबरी, मुखपृष्ठावर काटेरी वेलींनी वेढलेला किल्ला. आत गोष्ट जुनीच, सगळ्यांना ठाऊक असलेली: बोटाला चरख्याची चाती टोचते आणि राजकन्या शंभर वर्षं झोपते. पण ही मोठ्या माणसांसाठी लिहिलेली प्रेमकथा होती. किल्ल्यातली सगळी माणसं झोपतात, फक्त तळघरात भट्टी पेटती ठेवणारा एक माणूस शापातून सुटतो. राजकन्येला थंडी वाजू नये म्हणून तो भट्टी विझू देत नाही. रोज वर जाऊन दिवसभरात काय झालं ते तिला सांगतो. तिच्या प्रेमात पडतो, आणि मग तिच्या स्वप्नात जायची वाट त्याला सापडते. काकांनी उभ्याउभ्या पानं चाळली. "बाई म्हंजे कमाल हाय. या वयात परीची गोष्ट." मग एखादं नवं यंत्र बघावं तसं पुस्तक उलटंपालटं केलं, शेवटच्या पानावर जरा वेळ थांबले आणि काखेत मारून निघून गेले.

रोज दुपारी तीन ते साडेचार असं वाचन ठरलं. काका त्याला दुसरी पाळी म्हणत. पहिले काही दिवस वाचन कमी आणि हरकती जास्त होत्या, आणि वाचनालयात जायचं नसेल त्या दिवशी त्या मला खालच्या मजल्यावर बसल्या जागी ऐकू यायच्या. "शंभर वर्सं शटडाऊन, आन वॉचला एकच मानूस?" बाईंचं उत्तर ऐकू यायचं नाही. "बरं, मग कोळसा कुटनं आनतो ह्यो? वेली तर दारापातूर आल्यात." पुन्हा शांतता. "आन राख? शंभर वर्सांची राख कुटं टाकली, ते कायच लिवलं नाय." पण आठवडाभराने हरकती कमी झाल्या. दहाव्या दिवशी काका मला जिन्यात भेटले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आज तिच्या सपनात गेला तो." चेहरा असा, की जणू स्वतःच कुठेतरी न विचारता शिरून आले होते. पुढे पुढे त्यांनी दुपारची सगळी आमंत्रणं बंद केली. चुलतभावाच्या मुलाच्या साखरपुड्याला गेले नाहीत. मी कारण विचारलं. "आज तो तिचा हात धरनार असं वाटतंय," ते म्हणाले. भट्टीवाल्यावर त्यांचा फार जीव जडला होता. "आपल्यातला मानूस हाय. राजपुत्र बिजपुत्र कोन नाय. आग सोडून हालत नाय बगा." भाजी घेता घेता मध्येच विचारायचे, "पेपरवाले, तुमाला काय वाटतं, झोपलेलीला ऐकू येत आसंल का?"

या वाचनाची नोंदवही होती, हे सांगायला नकोच. दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, पान अमुक ते तमुक, शेरा, चार्ज दिला, चार्ज घेतला. 'दिला'मध्ये काकांची सही. 'घेतला'मध्ये बाईंची. काका त्यांचं बोट रकान्यावर नेऊन टेकवत, आणि त्या अंदाजाने सही करत. ती कधी रकान्यात बसायची, कधी शेजारच्या ओळीवर चढायची. शेरे मी नंतर वाचले. 'राजकन्येचा हात गरम लागला. कारण दिलेले नाही.' 'पान ८८, बाई हसली.' 'भट्टीवाला रडला. मी नाही.' मी वार्ताहर म्हणून हजारो मजकूर संपादित केले, पण एकही शब्द कमी करता येणार नाही असा मजकूर फारसा हाताखालून गेला नाही.

डोळ्यांनंतर साखरेने मूत्रपिंडं नेली. आठवड्यातून दोनदा पनवेलला डायलिसिस सुरू झालं. चार तास यंत्राला जोडून पडायचं. काका पुस्तक घेऊन जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी त्या यंत्रालाही टिचकी मारली. तिथल्या यंत्र सांभाळणाऱ्या मुलीने त्यांना दम दिला, "काका, हात नाही लावायचा!" मग ते एक डोळा आकड्यांवर आणि एक पुस्तकावर ठेवून वाचायला लागले. प्रेमाचे प्रसंगही बॉयलरच्या आवाजात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा आठही खाटा कान देऊन ऐकत होत्या. आधीच्या खेपेला त्या मुलीने मोठ्या आवाजावरून ओरडा दिला होता म्हणून काकांनी आवाज अगदी बारीक केला, तर पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसायला लागला. "ओ काका, जोरात वाचा ना! त्यानं तिला विचारलं का नाय मग?" बाई हसल्या. यंत्र मध्ये गुणगुणत होतं. काका आकडे बघत म्हणाले, "थांबा, आदी प्रेशर बगू द्या."

मला पहिला संशय आला तो एसटीच्या तिकिटावरून. काका पुस्तकात खूण म्हणून एक तिकीट ठेवत. एके दिवशी ते तीनशे बाराव्या पानावर होतं. तीन आठवड्यांनी मी बाईंना भेटायला वर गेलो, तेव्हाही तीनशे बारावरच. वाचन मात्र रोज चालू होतं. त्या दुपारी मी बसून ऐकलं. शाप देणारी जादूगारीण किल्ल्याकडे परत निघाली होती. वाटेत एका हमरस्त्याच्या फाट्यावर ती टपरीत थांबली आणि तिने आलं घातलेला चहा घेतला, एक कटिंग, मग दुसरा. पुढे किल्ल्याभोवतीच्या काटेरी वेलींना फळं धरली होती, काळी, आंबटगोड, आणि भट्टीवाला ती द्रोणात भरून राजकन्येच्या उशाशी ठेवत होता.

"करवंदं?" बाईंनी विचारलं.

"नाव नाय लिवलं. फळं लिवलंय."

"आणि या परदेशी जादूगारणीला कुंभिवलीच्या फाट्यावरचा चहा कसा काय आवडला हो?"

"छापलंय तसं वाचतो मी, बाई. मी काय मनाचं घालतो का?"

"नाही हो. वाचा पुढे. ब्लोडाऊन केला का त्याने आज, तळाचं गाळाचं पाणी सोडलं का?"

"क्येला," काका म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं. पुस्तकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघून वाचत होते आणि ठरावीक वेळाने, आवाज व्हावा म्हणून, पान पुढे करत होते. थोड्या वेळाने तेच पान मागे.

जिन्यात मी त्यांना अडवलं. खरं काय ते विचारायची माझी जुनी खोड. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "फुडचं वाचलंय मी. एकट्यानंच, दूध आनायला गेलो तवा पुलाच्या कठड्यावर बसून." मग त्यांनी शेवट सांगितला. शाप मोडायचा तर किल्ल्यात एक जण झोपलेला हवाच. राजकन्या जागी होणार, पण तिच्या जागी भट्टीवाल्याने आडवं व्हायचं. दोघांनी मिळून जागं राहायची सोय त्या शापात नाही. "असला चार्ज कोन देतो का, पेपरवाले? एकानं उटायचं आन एकानं निजायचं. मी नाय वाचनार. तीनशे बाराला दोगं बी हायत, तो जागा हाय आन ती ऐकते हाय. तितंच ठेवनार मी." त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाईंचं शरीर आता यंत्राला फार दिवस साथ देणार नाही. हे मला नंतर कळलं. त्यामुळे काकांचा हिशेब सरळ होता: गोष्ट संपली नाही, तर काही संपणार नाही. पुढे चार महिने त्यांनी ती गोष्ट स्वतःच्या पोटातून काढून वाचली. ज्या माणसाने आयुष्यात शेऱ्याच्या रकान्याबाहेर काही लिहिलं नव्हतं, त्याने.

त्या काळात एकदा काका औषध आणायला गेले असताना मी बाईंपाशी बसलो होतो. त्या म्हणाल्या, "पुस्तकाची मुदत कधीच संपली असेल."

"पाच महिने झाले," मी म्हणालो.

"एवढ्यात मागू नका. त्यांचं व्हायचं आहे अजून."

मी हो म्हटलं. माझ्यासारख्या माणसाने त्या वाक्यावर एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

कडावच्या शेतांत भात पोटरीला आलं होतं, त्या आठवड्यात बाई गेल्या. सकाळी, घरीच. आदल्या दिवशीची नोंद अशी: 'पान ३१२. शेरा: तिने विचारले, उठली का. सांगितले, अजून नाही.' दोघांच्या सह्या आहेत. बाईंची सही रकाना सोडून, समास ओलांडून, पानाच्या कडेपर्यंत गेलेली आहे. त्यांची नाशिकला दिलेली मुलगी आली. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बाईंचे दुसरीतले विद्यार्थी आले, त्यातले काही आजोबा झालेले. काका सगळा वेळ पहिल्या रांगेत सरळ बसून होते. मुलीने "बाबा, माझ्याबरोबर चला," म्हटलं. ते म्हणाले, "जागा कुनाच्या ताब्यात देऊ?" मुलगी रडली आणि एकटी परत गेली. नंतर महिनाभर काका कुठे गेले नाहीत. आमची बेलही वाजली नाही. कुकरची शिट्टी मात्र रोज ऐकू यायची, एकाच माणसाच्या भाताची, लवकर होणारी.

त्या महिन्यात वाचनालयाच्या जुन्या वह्या वाळवीने धरल्या म्हणून मी त्या उन्हात टाकायला काढल्या. पानं झटकताना त्या कादंबरीचं नाव दिसलं. सभासद क्रमांक एकशे चौदा. मी आणखी मागे गेलो. पुन्हा तीच कादंबरी, पुन्हा एकशे चौदा. बाईंनी ते पुस्तक डोळे शाबूत असताना दोनदा वाचलेलं होतं. म्हणजे शेवट त्यांना ठाऊक होता. टपरीवरचा चहा पुस्तकात नाही, करवंदं नाहीत, हेही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी वही बंद केली. मिळालेली माहिती दाबून ठेवायची नाही, हे मला पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ही मात्र काकांना सांगायची नाही, असं मी ठरवलं.

दोन दिवसांनी, बरोबर तीन वाजता, काका वाचनालयात आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पुस्तक, काखेत नोंदवही. दुसरं कोणी नव्हतं. "वाचायचं ऱ्हायलंय थोडं. बसा," ते म्हणाले. तिकीट तीनशे बारावर होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. तोच आवाज, पण आता अक्षर अक्षर छापल्यासारखं. भट्टीवाला शेवटचा कोळसा टाकून वर जातो. राजकन्येला त्या दिवशीचं सगळं सांगतो. तिच्या शेजारी आडवा होतो. ती डोळे उघडते. काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू झाले. राजकन्या त्याच्याजवळ एक दिवस बसते. दुसऱ्या दिवशी तळघरात जाते, भट्टी तिला नीट पेटवता येत नाही, हात भाजतात, तरी पेटवते. आणि मग दरवाजावरच्या वेली तोडून किल्ला उघडते. बाहेरच्या गावातली माणसं निखारा मागायला येतात, आणि ती एकेकाला देत जाते. गोष्ट तिथे संपते.

"नुसती बसून नाय ऱ्हायली," काका म्हणाले.

मी पुस्तकासाठी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही. शेवटचं पान उघडलं, जिथे तारखांचा कागद चिकटवलेला असतो, आणि त्यावर बोट ठेवलं. "एकशे चौदा. ह्ये बगा. आन ह्ये. चार्ज घ्यायच्या आदी मागच्या पाळीची नोंद बगायची आसते, पेपरवाले. पयल्याच दिवशी बगितली मी. तुमच्या समोर."

मला पुस्तक उलटंपालटं करणारे काका आठवले. "म्हणजे बाईंना सगळं माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"मला म्हाईत व्हतं. मला म्हाईत हाय ह्ये तिला बी म्हाईत आसनार. बाई ती. दुसरीची पोरं फसवू शकली नाय तिला कदी." त्यांनी तारखांच्या कागदावरून बोट फिरवलं. "चा आवडायचा तिला माझा. जादूगारनीचा. रोज इचारायची, आज कुटं थांबली हो ती. मला वाटलं, हसतेय तवर वाचावं. पन पुस्तक तिनं ह्याच्यासाटी नव्हतं मागवलं. शेवट माझ्या तोंडनं वदवून घ्यायचा व्हता तिला. ती चार्ज देत व्हती मला, आन मी घेतलाच नाय. करवंदं वाचत बसलो."

 त्यांनी नोंदवही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. पान ३१२ ते शेवट. शेऱ्यात बराच विचार करून लिहिलं: 'उठली.' 'चार्ज दिला' हा रकाना, जिथे ते इतके दिवस सही करत होते, त्यांनी कोरा सोडला. शेजारच्या, बाईंच्या रकान्यात सही केली. अगदी रेषेत.

सहाला वाचनालय बंद होतं. मी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. काका उठले नाहीत. पुस्तक मांडीवर, हात पुस्तकावर, नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर. मी किल्ल्या वाजवल्या. साडेसहा झाले. शेजारी विहारात संध्याकाळच्या वंदनेला माणसं यायला लागली होती, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मग मला कुंभिवली आठवली. मी त्यांच्याजवळ गेलो, खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "मी बसतो. उठा तुम्ही."

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, चुकलं माझं. पण ते उठले. पुस्तक माझ्या हातात दिलं, दारातल्या चपला घातल्या, आणि विहाराकडे जाणाऱ्या माणसांत मिसळले. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. ती अजून उबदार होती.